साडूंची न वाळणारी पिशवी

ओलाव्याशी आमच्या साडूंइतकं हाडवैर धरलेला दुसरा माणूस अख्ख्या वडशात नाही. हिवतापाच्या कामावर आरोग्यसेवक म्हणून त्यांनी तीस वर्षं गडचिरोलीच्या जंगलातली गावं पायी तुडवली. साचलेलं पाणी दिसलं की ते ओतलंच म्हणून समजा. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि हात धुवायच्या निमित्तानं मागं जाऊन कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली आणि बायकोनं भिजत घातलेले वाल, सगळं उपडं करून आले. वर मलाच विचारतात, "आज कोरडा दिवस आहे, विसरले काय?" आठवड्यातून एकदा घरातली भांडी रिकामी करून वाळवायची, हा त्यांच्या खात्याचा नियम, साडू तो सणासारखा पाळतात.

अशा माणसाला लेकीनं पुण्याहून पाठीवरची पाण्याची पिशवी पाठवावी, आता काय बोलावं! सॅकच्या आत मऊ प्लास्टिकची पिशवी, तिची नळी खांद्यावरून पुढं. चालता चालता चोखायचं. बाबांची एकच हौस उरली आहे हे लेकीला ठाऊक होतं. नोकरीचं पहिलं गाव, जंगलात चांगलं आत, तिथं पुन्हा एकदा पायी जायचं. "ते गाव मले जन्मात विसरणार नाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सोबतीला अर्थातच मी. खोक्यावर 'ब्लॅडर' छापलेलं वाचून साडू दचकले. "आमच्या खात्यात ब्लॅडर लघवीच्या पिशवीले म्हणतात, माहीत आहे ना? त्यातलं पाणी पिऊ काय मी?"

म्हणून आधी धुणं आलं. कोमट पाणी, खायचा सोडा, लिंबू. नळीतून दोरीला बांधलेली चिंधी ओढायची, मग नळी डोक्याभोवती गरगरा फिरवून पाणी झटकायचं. पहिला फवारा माझ्या चष्म्यावर. पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत ताकाची रवी उभी. माझी मेव्हणी रवी शोधून थकली. सावलीत दोरीवर टांगलेली ती नळीवाली पिशवी बघून शेजारीण घाबरत विचारून गेली, "भाऊ, घरी कोणाले सलाईन लावून राह्यले?"

मी रविवारी पहाटे बूट घालून हजर. साडू नळी बॅटरीपुढं धरून बसलेले. "थांबा. एक थेंब दिसून राह्यला." पुढच्या रविवारी तोच थेंब, त्याच्या पुढच्या रविवारीही. चौथ्या रविवारी माझं डोकंच फिरलं. "अहो, शेवटी तिच्यात पाणीच भरायचं आहे ना!"

साडू नळी गुंडाळत हळूच म्हणाले, "तिथं मले कोणी ओळखलं नाई तं?"

 मेव्हणी स्वयंपाकघरातून तरातरा आली, पिशवीतली रवी उपसली, माठातलं पाणी भरलं आणि सॅक त्यांच्या पाठीवर अडकवली. "निघा आता. मले ताक कराचं आहे."

बसनं जाऊन पुढं आम्ही जंगलातून चाललो. गाव बदललं होतं. सिमेंटचा रस्ता, मोबाईलमध्ये बघत बसलेली पोरं. कुणी मान वर केली नाही. साडू एकेका घरापुढं रेंगाळत होते आणि पिशवीतलं पाणी केव्हाच संपलं तरी नळी चोखत होते. मला त्यांची दया आली.

शेवटच्या घरी एक म्हातारी तांदूळ पाखडत होती. तिनं साडूंकडे टक लावून पाहिलं. हसली नाही, नाव घेतलं नाही. सूप खाली ठेवलं, डावा हात लुगड्याला पुसला आणि करंगळीशेजारचं बोट त्यांच्यापुढं धरलं.

मला काही कळेना. मग लक्षात आलं. ताप तपासायला रक्ताचा थेंब घेताना साडू ह्याच बोटाला सुई टोचत असत.

त्यांनी ते बोट दोन्ही हातांत धरलं. म्हणाले, "सुई नाई आणली बाई मी आज."

"मंग बस ना," म्हातारी म्हणाली, "काऊन उभा आहेस?"

साडू तिच्या उंबऱ्याशी बसले. मी तहसील कचेरीत जन्मभर शिक्के मारले, मला बघून असं बोट कुणी पुढं करायचं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला साडूंचा फार हेवा वाटला.