दोन थेंबांमधली पाच मिनिटं

काकांचा आवाजी निरोप दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचा होता. मी तो एकतीस सेकंद ऐकला, तोसुद्धा दुप्पट वेगानं, एका हातानं हेल्मेटचा पट्टा लावत. वाचलेला वेळ, दोन मिनिटं सतरा सेकंद. ही वजाबाकी मी नंतर केली, तेव्हा तिचा उपयोग नव्हता.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. काकू गेल्या, मुलगी पुण्याला. ते इथं ग्वाल्हेरात, खासगी बाजार नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहतात आणि मी नया बाजारात. स्कूटरनं सहा ते नऊ मिनिटं, लग्नसराईत चौदा. हे आकडे मला तोंडपाठ असतात, कारण माझी नोकरीच मिनिटांची आहे. शहराच्या पाणीपुरवठ्यात कुठल्या वस्तीला किती वाजता किती मिनिटं पाणी सोडायचं, त्याचा तक्ता मी करतो. एकीकडे पाच मिनिटं जास्त गेली की दुसरीकडून फोन येतो. बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरातही व्हॉल्व्ह उघडबंद करतो. बायको म्हणते, "अहो, माझं वाक्य तरी पुरं होऊ द्या. मी काही तुमचा वॉर्ड नाही."

तर, निरोप सोमवारी संध्याकाळी आला. मी ऐकलं ते एवढं : "अरे, परवाचं सांगायचं होतं. डोळ्याचं. सकाळी साडेनऊला, बाड्याच्या चौकापलीकडच्या त्या दवाखान्यात..." मग डॉक्टर, मग जिना, मग गॅसचं सिलेंडर. काका असेच बोलतात. वाक्य सुरू करतात, मध्ये कुठंतरी फिरून येतात आणि क्रियापद शेवटी, सावकाश ठेवतात. शनिवारी त्यांची डोळ्यांची तपासणी होती हे मला माहीत होतं. सोमवारी परवा म्हणजे शनिवार. मी लिहून टाकलं : "वा, बरं झालं काका. काळजी घ्या."

सोमवारी परवा म्हणजे बुधवारसुद्धा असतो.

मराठीत परवा मागचाही आणि पुढचाही. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत तर हिंदीतला 'कल'ही येऊन बसलाय, काल आणि उद्या दोन्हींसाठी एकच. माझी मुलगी म्हणते, "बाबा, मी कल सांगितलं था ना." तेव्हा तो कल मागचा की पुढचा, हे त्या शेवटच्या 'था'वरूनच कळतं. म्हणजे आमच्या घरात तर शेवटचा शब्द येईपर्यंत थांबायलाच हवं. मी थांबत नाही.

गुरुवारी ऑफिसातून परत येताना सहज त्यांच्याकडे वर गेलो. काका काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. शेजारच्या बाई डाळिंब सोलत होत्या.

"या, घड्याळराव," काका म्हणाले.

"हे काय? कधी?"

"काल झालं, मोतीबिंदूचं. डावा."

"मला सांगितलं नाहीत!"

बाईच म्हणाल्या, "भाईसाहब, काकाजी ने तो कहा, भतीजा बिज़ी है. मैं ले गई. डर रहे थे थोड़ा."

"डरत वगैरे नव्हतो," काका म्हणाले.

जिन्यात उभं राहून मी तो निरोप पहिल्यापासून, साध्या वेगानं ऐकला. दोन मिनिटं एकतीस सेकंदांवर काका म्हणत होते, "...परवा जायचंय, तर तू येशील का माझ्याबरोबर? नाही जमलं तर तसं सांग, मी रागावणार नाही." आणि त्यावर माझं उत्तर होतं, वा, बरं झालं.

माझे वडील लवकर गेले. पोहायला, सायकल चालवायला मला या माणसानं शिकवलं. मोठेपणी त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा मागितलं, ते असं. उजवा डोळा पाच आठवड्यांनी व्हायचा होता. त्या वेळी ते मला पुन्हा विचारतील की नाही, एवढाच प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घर करून बसला.

मी वर परत गेलो आणि म्हणालो, औषध मी घालतो. दिवसातून चार वेळा दोन बाटल्यांचे थेंब होते. दुपारचे दोन्ही बाईंनी स्वतःकडे ठेवले, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ मला मिळाले.

"तुला वेळ असतो?" काकांनी विचारलं.

"दोन थेंब, काका. अर्धं मिनिट."

"दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. चिठ्ठीवर लिहिलंय."

चिठ्ठीवर खरंच लिहिलं होतं.

पाच मिनिटं किती असतात हे मला माहीत आहे असं मी समजत होतो. पाच मिनिटांत एका गल्लीच्या टाक्या अर्ध्या भरतात. पण काका डोळे मिटून, मान मागे टाकून बसलेले आणि मी हातात दुसरी बाटली धरून उभा, ती पाच मिनिटं वेगळी होती. पहिल्या दिवशी मी भांडी जागेवर लावली, कॅलेंडरचं पान सरळ केलं, दोन फोन घेतले. पाय आपोआप हलायचे. तिसऱ्या दिवशी मी झाकण उघडलं तशी काका डोळे न उघडता म्हणाले, "चारच झाली."

"पाच झाली, काका."

"चार. बावीस वर्षं पाणी मोजतोस आणि मला एक मिनिट कमी देतोस?"

घड्याळात पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद झाली होती.

बसायला लागलो ते दुसऱ्या आठवड्यात, तेही पाय दुखत होते म्हणून. फोन खिशात ठेवला, तो थरथरत राहिला. मन जिन्यावरून खाली, स्कूटरपर्यंत जाऊन परत येत होतं. आणि काका बोलायला लागले. एक दिवस त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. "या नव्या डोळ्यानं पडदा पांढरा आहे, निळसर पांढरा. आणि या जुन्यानं बघ... चहा गाळायचं फडकं. म्हणजे मी किती वर्षं मुलांना सांगत होतो, पांढरा नीट लावा, पांढरा नीट लावा, आणि मला स्वतःला तो..." इथं ते थांबले. माझ्या तोंडात 'दिसत नव्हता' तयार होतं. मी ते दाताखाली धरलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "...आठवत होता. आठवणीतूनच शिकवत होतो."

माझा शब्द चुकलाच असता.

याचा अर्थ मी सुधारलो असा नाही. पुढच्याच आठवड्यात काका म्हणाले, "उजव्या डोळ्याच्या वेळी तू..." आणि मी ओरडलोच, "येतो ना! रजा टाकतो!"

काकांनी मान सरळ केली. "मी म्हणत होतो, तू एकदा पुण्याला माझ्या मुलीला फोन लाव. तिला बोलवायचं का ते बघू."

उरलेली तीन मिनिटं त्यांनी डोळे मिटूनच काढली. दुसरा थेंब गालावर पडला. घरी जाताना सिग्नलला मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं, दिवा हिरवा होऊन गेला होता.

काकांच्या मुलीला सुटी मिळाली नाही. त्या तारखांना तिला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. पाचव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, पहिला थेंब घालून मी शेजारी बसलो. बाहेर भाजीवाला भाव सांगत उभा होता. काका म्हणाले, "मंगळवारी उजवा आहे." मी गप्प. "मागच्या वेळी आत तो मोठा दिवा डोळ्यावर आला ना, तेव्हा मला वाटलं, बाहेर आपलं कुणीतरी..." ते थांबले. भाजीवाला पुढं गेला. माझा गुडघा हलायला लागला, मी त्यावर हात ठेवला. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. बहुधा एक मिनिट असेल, पण खात्रीनं सांगू शकत नाही, आणि मला खात्रीनं सांगता येत नाही असं सहसा होत नाही.

"...असायला हवं होतं," काका म्हणाले. "तू ये. पण शेजारच्या बाईही येतील. तुझा काही भरवसा नाही."

बोचलं. पण खोटं नव्हतं.

मंगळवारी आम्ही तिघं ई-रिक्षातून गेलो. बाड्यावर गर्दी होती, अकरा मिनिटं लागली. काकांना आत नेलं. बाहेर बाकावर मी आणि बाई. मी चार वेळा उठलो. दाराच्या काचेतून पाहिलं, पाणी प्यायलो, पुन्हा पाहिलं. ऑफिसातून फोन आला, एका वस्तीत दाब कमी होता. मी म्हणालो, दुपारनंतर बघतो. समोरचा बहुतेक चमकला, कारण त्यानं दोनदा विचारलं, "कौन बोल रहे हैं?"

"बैठ जाइए, भाईसाहब," बाई म्हणाल्या. "आपको देख के मेरा बी.पी. बढ़ रहा है."

बसलो. पुन्हा उठलो. मग मात्र बसलो.

दार उघडलं. हिरव्या कपड्यातल्या सिस्टरनं कागद बघून विचारलं, "मरीज़ के साथ कौन है?"

मी बाईंकडे पाहिलं. मागच्या वेळी त्याच होत्या, कागदावर नावही त्यांचंच असणार. त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि जागेवरून हलल्या नाहीत.

"जाइए," त्या म्हणाल्या, "आप ही हैं."