पहिला क्लॅरनेट

मसाजीनं सादिकला पहिल्यांदा पाहिलं ते ब्याण्णव साली, साखरा गावातल्या एका लग्नात. त्या दिवशी काय काय घडलं ते मसाजीच्याच तोंडून ऐकावं. सादिकनं क्लॅरनेट तोंडाला लावला मात्र, नवरदेवाचं घोडं मागच्या दोन पायांवर उभं राहिलं ते पंगती उठेपर्यंत खाली आलंच नाही. आटलेल्या म्हशीला पान्हा फुटला. बांधावरून अबोला धरलेल्या दोन भावांनी असे गळ्यात गळे घातले की धाकट्याची बरगडी मोडली. हे सांगताना मसाजीचा चेहरा मात्र आपलं घर चोरानं कसं फोडलं हे सांगणाऱ्या माणसासारखा व्हायचा. कारण त्या मांडवात मुलीकडचा क्लॅरनेट मसाजीच वाजवत होता, आणि तो वाजवत असताना तीच म्हैस कडबा चघळत बसली होती.

पुढे दोघंही कळमनुरीच्या एकाच बँडात आले. सादिक पहिला क्लॅरनेट, मसाजी दुसरा. पहिला घोड्यापुढं चालतो, व्हिडिओत दिसतो, आणि वऱ्हाडाच्या आधी त्याच्यापुढं बुंदीचं ताट येतं. दुसरा ढोलाच्या आडोशाला वाजवतो. मसाजीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : घोड्यापुढची ती जागा.

सादिकचं सगळंच त्याला सलायचं, पण सर्वांत जास्त सलायचे दात. पांढरे, भरगच्च, झेंडावंदनाला उभ्या केलेल्या पोरांसारखे ओळीत. मसाजीच्या कडुनिंबाच्या काडीला मात्र रोज सकाळी रक्त लागायचं.

“हिरड्या सुजल्यात तुमच्या. दाखवा की कोणाला,” त्याची बायको सत्यभामाबाई म्हणायची.

“काडी टोचली असंल,” मसाजी म्हणायचा.

हिंगोली जिल्हा झाला त्या साली, म्हणजे नव्व्याण्णवला, सादिकचा सूर घसरू लागला. क्लॅरनेट वरच्या पुढच्या दातांवर टेकवून धरावा लागतो आणि सादिकचे तेच दात हलायला लागले होते. हिरड्यांतून पू यायचा. मसाजीनं ही बातमी घरी सांगितली तेव्हा त्याचा आवाज दुःखी होता, पण भाकरी त्यानं दोन जास्त खाल्ल्या.

“दात त्याचे हलून राहिले, अन् पोट तुमचं भरून राहिलं व्हय?” सत्यभामाबाईनं विचारलं.

सादिक हिंगोलीला दातांच्या डॉक्टरीणबाईकडं निघाला तेव्हा मसाजी सोबतीला गेला. दात काढायचे ठरले तर ते आपल्या कानांनी ऐकावं, एवढाच हेतू. बाईंनी आधी सादिकचं रक्त तपासणीसाठी काढायला घेतलं.

“दाताचं दुखणं अन् रक्त कशाला काढता?” सादिक घाबरला.

“साखर वाढली की हिरड्यांत जंतूंचं फावतं. दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. आणि हिरड्या सडल्या की साखर आणखी वाढते. दोघी एकमेकींना चढवतात.”

सादिकसाठी एवढी नवी सुई फोडलेली पाहून मसाजीला राहवेना. “बाई, मी काय घोडं मारलं? मलाबी टोचा.”

रिपोर्ट आले. सादिकची साखर दोनशे सत्तर. मसाजीची तीनशे दहा.

मसाजी खुर्चीतून उठलाच. “बराबर वाचलं ना? माझी जास्त?”

“जास्त.” बाईंनी त्याचंही तोंड उघडून पाहिलं. “तुमच्याही हिरड्या खराब आहेत. दोघांनाही औषध, पथ्य आणि हिरड्यांची सफाई लागेल. गेलेलं हाड परत येत नाही, उरलेलं धरून ठेवता येतं.”

मसाजीनं यातलं ‘जास्त’ तेवढं ऐकलं. येताना एस. टी.त तो ताठ बसला होता. “सादिकभाई, सात वर्षांत पयल्यांदा म्या तुमाला मागं टाकलं.”

“अरे मसाजीभाऊ, ये क्या शर्यत है? गोळी घ्या ना.”

“तुमाला तकलीफ हाये, तुमी घ्या. माझे दात कुठं हलून राहिले?”

सादिक गोळ्या घेऊ लागला. चहा बिनसाखरेचा झाला, हिरड्या साफ करून झाल्या, आणि तो हंगामभर घरी बसला. घोड्यापुढची जागा मसाजीला मिळाली. बुंदीचं ताटही मिळालं. सादिकच्या वाटची बुंदी म्हणून तो शेवटची कळीसुद्धा बोटानं टिपून खायचा. इतकी गोड बुंदी जिल्ह्यात कुठं होत नाही असं त्याचं मत होतं.

पुढच्या हंगामात सादिक परत आला. हिरड्या आवळल्या होत्या, दात पूर्वीएवढे नाही तरी घट्ट होते. बँडमालकानं मसाजीकडं पाहिलं. मसाजी म्हणाला, “आता मी पयला.” सादिक आपणहून ढोलामागं जाऊन उभा राहिला, हे मसाजीला त्याच्या सुरापेक्षाही जास्त झोंबलं.

नरसी गावच्या एका लग्नात मसाजी घोड्यापुढं, सादिक मागं. वरात देवळाच्या वळणावर आली. मसाजीनं उंच सूर धरला, धरला, आणि वरचा पुढचा दात हिरडीतून सुटून जिभेवर आला. क्लॅरनेटमधून वाफ निघाल्यासारखा आवाज झाला. नवरदेव वाकून पाहू लागला. तेवढ्यात मागून तोच सूर कुणीतरी तिथूनच उचलला, आणि मसाजीच्या डोळ्यांदेखत ते मेलं घोडं नाचू लागलं.

मसाजीनं दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या. वर्षभरात वरचे आणखी तीन दात गेले.

सादिक दोन हजार आठपर्यंत पहिला क्लॅरनेट वाजवत होता. मसाजी त्याच बँडात खुळखुळे वाजवायचा.