अण्णाचं साउंड कार्ड

कॉम्प्युटरच्या भागांची खोकी आणि त्यांच्यावरची चित्रं पाहिली की मला अजून संताप येतो. डोळे मिटून गाणं ऐकणारी बाई, उडत्या गाड्या, आगीचे लोळ. आत काय आहे ते सोडून सगळं छापलेलं असतं. मी हुबळीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, धारवाडहून रोज बसने जायची-यायची, आणि नवं शतक लागलं त्या सुमाराला चार महिने मी त्या खोक्यांशी आणि ती विकणाऱ्यांशी भांडले. भांडण एका साउंड कार्डासाठी होतं. हसू येत असेल तर येऊ दे. माझ्या अण्णाची वकिली त्यावर अडली होती.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, धारवाडच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणारा. चाळिशी ओलांडल्यावर त्याच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत गेले आणि तीन वर्षांत दिसायचं पार बंद झालं. त्याने कोट उतरवला नाही. कायदा तोंडपाठ होता, पक्षकार टिकून होते, फक्त वाचून दाखवायला माणूस लागायचा. सकाळी ज्युनिअर वाचायचा, दुपारी वहिनी, संध्याकाळी मी. आणि वाचून दाखवणारा माणूस गाळतो. कंटाळा आला म्हणून गाळतो, हे काही महत्त्वाचं नाही असं त्याचं त्यानेच ठरवलं म्हणून गाळतो. एकदा ज्युनिअरने निकालातला एक परिच्छेद असाच गाळला आणि नेमका तोच समोरच्या वकिलाने भर कोर्टात वाचला. अण्णा घरी आला तो जेवला नाही. "मला कोणी वाचून दाखवायला नको," एवढंच म्हणाला, "मला वाचायचंय."

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे प्रोग्राम तेव्हा निघाले होते. विकत मिळायचा तो परदेशी होता आणि त्याची किंमत ऐकूनच मी फोन खाली ठेवला. फुकटातला लिनक्सवर चालायचा. लिनक्स म्हणजे कोणा एकाच्या मालकीची नसलेली, कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी अशी ऑपरेटिंग सिस्टिम. तिची सीडी मला एका मासिकाबरोबर मिळाली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका मशीनवर मी ती चढवली आणि एका रविवारी अण्णाला तिथे नेलं. आवाज नाकातून बोलणारा, इंग्रजीच तेवढं वाचणारा, कोर्टातल्या वैतागलेल्या शिरस्तेदारासारखा. पण अण्णा बटणावर बोट ठेवून बसला आणि एकच वाक्य त्याने अकरा वेळा वाचून घेतलं. मशीनने अकराही वेळा कुरकुर न करता वाचलं. परतीच्या बसमध्ये तो कंडक्टरशी कानडीत तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून थट्टा करत होता. कितीतरी दिवसांनी.

त्या दिवशी निघताना मी ते मशीन उघडून आतल्या साउंड कार्डावरच्या चिपची अक्षरं वहीत उतरवून घेतली होती. का, ते सांगते. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या त्याच्याशी बोलायची भाषा फक्त एकाच बड्या सिस्टिमला शिकवायच्या. बाकीच्यांना ती सांगायच्याही नाहीत. लिनक्सवाले बिचारे जगभरातून चाचपडत एकेका चिपची भाषा आपली आपण शोधून काढायचे. म्हणून दुकानात जाऊन नुसतं साउंड कार्ड द्या म्हणून भागत नसे. चिप कोणती, हे पाहूनच घ्यावं लागे. ती चुकली की कार्ड मुकं.

आमच्या घरी मात्र वस्तू घ्यायची म्हणजे ती आपल्या माणसाकडून घ्यायची. केशवापुरातला आमचा मावसभाऊ हुबळीत कॉम्प्युटर जोडून विकायचा. त्याच्या वडिलांच्या वेळी त्या दुकानात रेडिओ होते. मी त्याला यादी दिली, चिपचं नाव दोनदा अधोरेखित केलं.

"अक्का, काळजी सोड की," तो म्हणाला. "अण्णाचं मशीन म्हणजे माझ्या घरचं मशीन."

मशीन आलं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मला तेव्हाच कॅबिनेट उघडून आतलं कार्ड पाहायचं होतं. मी पेचकस घेऊन आले तर आई आडवी उभी. पूजेआधी नव्या वस्तूला हत्यार लावायचं नाही. वहिनीही म्हणाली, एका रात्रीने काय होतंय? एरवी मी कोणाचं ऐकत नाही, पण सणाच्या तोंडावर आईशी वाद नको म्हणून गप्प बसले. सकाळी आईने त्या कॅबिनेटवर हळद वाहिली, झेंडूची माळ घातली, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने बाजूच्या पत्र्यावर हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं. आरती झाल्यावर मी स्क्रू काढले. आत कार्डच नव्हतं. मदरबोर्डावरच आवाजाची एक चिप डकवलेली होती, आणि तिच्यावरची अक्षरं माझ्या वहीत कुठेच नव्हती. तरी मी दोन दिवस खटपट केली. प्रोग्राम वाचत होता, पडद्यावर त्याचा बाण पुढे सरकत होता, आणि स्पीकरमधून चकार शब्द येत नव्हता. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसलेला. दर पाच मिनिटांनी विचारायचा, "आलं काय?"

मी मशीन रिक्षात घालून दुकानात नेलं.

"पूजा झालेली वस्तू परत कशी घेऊ, अक्का?" मावसभाऊ म्हणाला. "कुंकू बघ की केवढं! आणि सील पण तू फोडलंस."

"मी लिहून दिलेलं कार्ड कुठं आहे?"

"वेगळं कार्ड कशाला? आजकाल बोर्डावरच येतंय. उगीच तुझा खर्च कशाला वाढवू म्हणून मीच काढलं." असं म्हणून त्याने आपल्या नेहमीच्या सिस्टिमवर एक सिनेमातलं गाणं लावलं. खणखणीत वाजलं. "हे बघ, आवाज येतोय की!"

"मला गाणं नकोय. अण्णाला वाचायचंय."

"मग माझ्या दुकानातला माणूस पाठवतो, रोज तासभर वाचून दाखवेल. अण्णासाठी एवढं करणार नाही काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो मनाचा वाईट नव्हता, हेच मला जास्त खुपत होतं. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. एखाद्या माणसाला कशाची गरज आहे, हे त्याला न विचारता त्याच्यासाठी ठरवून टाकायचं आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करायचा! मी दुकानात एवढी ओरडले की शेजारचा मोबाइलवाला बाहेर येऊन उभा राहिला. आईच्या कानावर ते संध्याकाळच्या आत गेलं. मावशी पुढे वर्षभर आमच्याकडे जेवायला आली नाही. न का येईना.

त्या चिपच्या कंपनीला मी सायबर कॅफेतून पत्र लिहिलं. गरज कशासाठी आहे, तेही लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: आपली सिस्टिम आमच्या यादीत नाही, आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार. माझ्या पैशाने घेतलेली चिप माझ्या घरात, माझ्या टेबलावर पडलेली, आणि तिच्याशी कसं बोलायचं हे मला सांगायचं नाही. मग मी विकत काय घेतलं होतं? हा प्रश्न मी नंतर अनेकांना विचारला. लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, जाऊ दे, सगळे वापरतात तेच वापर.

दुसऱ्या एका दुकानात यादीतल्या नावाचं कार्ड मिळालं. खोकं तेच, नाव तेच, नंबरही तोच. घरी आणून लावलं तर पुन्हा मुकं. भिंगाखाली धरलं तेव्हा कळलं, कंपनीने आतली चिप गुपचूप बदलली होती आणि खोक्यावरचं चित्रसुद्धा बदलायची तसदी घेतली नव्हती. त्या दिवशी मी ते खोकं अंगणात फेकून दिलं. अण्णाने आवाज ऐकला. "राहू दे गं," तो म्हणाला, "ज्युनिअरला बोलावतो." त्याने तसं म्हणावं, याचा मला त्या कंपनीपेक्षा जास्त राग आला.

शेवटी कार्ड मिळालं ते धारवाडातच, लाइन बाजाराच्या मागे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. गावाबाहेरच्या बेलूर वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर त्याने वजनावर घेतले होते. मी भांडायच्याच तयारीने गेले होते. त्याने पत्र्याचा डबा पुढे सरकवला, घड्याळजीचं भिंग हातात दिलं आणि म्हणाला, "याव्दु बेकु नोड्री." कोणतं पाहिजे बघा. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला आत काय आहे ते बघू देत होतं. उकिडवी बसून मी एकोणीस कार्डं पाहिली. विसाव्यावर माझ्या वहीतली अक्षरं होती.

रविवारी सकाळी कार्ड बसवलं. नाकातला तो आवाज घरभर घुमला आणि आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय?

पुढचे पंधरा दिवस घरात त्याचंच राज्य होतं. अण्णा सीडीवरचे निकाल वाचायचा, मागे जायचा, पुन्हा वाचायचा. कोर्टात एकदा समोरच्या वकिलाला त्याने परिच्छेदाच्या आकड्यासकट अडवलं. मी कॉलेजात येईल-जाईल त्याला सांगत सुटले होते. मग एका सकाळी तो म्हणाला, "माझी जुनी पत्रंपण घाल की यात." त्याची ई-मेल मीच सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणायची, छापून वाचून दाखवायची. बसची वेळ झाली होती. घाईघाईने सगळ्या फ्लॉपी एकामागून एक उतरवल्या आणि पळाले.

बस नवलूरच्या पुढे गेली आणि मला अण्णाचे डोळे तपासणाऱ्या मद्रासच्या डॉक्टरांचं, ई-मेलनेच आलेलं पत्र आठवलं. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: पडदे पूर्ण गेले आहेत, आता कोणताही उपचार उरलेला नाही, एवढ्या लांब पुन्हा येण्याचे कष्ट घेऊ नयेत. ते पत्र आलं त्या आठवड्यात अण्णाचा मोठा युक्तिवाद होता. मी वाचून दाखवताना त्या ओळी गाळल्या आणि पदरचं एक वाक्य घातलं, पुढच्या वर्षी पुन्हा दाखवा. नंतर खरं सांगायला मुहूर्तच सापडला नाही. आठ महिने अण्णा त्या पुढच्या वर्षाची वाट पाहत होता. उतरून परत फिरता आलं असतं. साडेदहाचा तास आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि बसून राहिले.

संध्याकाळी घरी आले तर तो कॉम्प्युटरपुढे बसलेला होता. वहिनी आणि आई दोघी स्वयंपाकघरात.

"पुढच्या वर्षी दाखवा, हे वाक्य कुठं आहे गं त्यात?"

"नाहीये."

"मग कोणी लिहिलं?"

"मी."

"घरात कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"आईला?"

"आईलासुद्धा."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं. "अण्णा, त्या आठवड्यात तुझा युक्तिवाद होता," मी सुरुवात केली, तर साक्षीदाराला थांबवावं तसा त्याने हात वर केला. मग चाचपडत शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि पत्र पहिल्या ओळीपासून लावलं.

"बस इथं," तो म्हणाला. "ऐक. एक शब्द गाळत नाही ते."

मी बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं.