एका खोक्यातले दोन फिल्टर

लातूरला माझ्या वडिलांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. कुठल्याही नव्या कंपनीचा ऑइल फिल्टर दुकानात आला, की बाबा त्यातला एक विकायच्या आधी फोडायचे. शेजारी लेथवाले होते, त्यांच्याकडून वरचा पत्रा कापून आणायचे, काउंटरवर जुना पेपर पसरायचे आणि आतला एकेक भाग काढून मांडायचे. आई म्हणायची, "विकायचा माल फोडणारा दुकानदार मी दुसरा बघितला न्हाई."

ऑइल फिल्टर म्हणजे दिसायला पाणी प्यायच्या फुलपात्राएवढा पत्र्याचा डबा. इंजिनाला पिळून बसवायचा. इंजिनातलं तेल त्यातून फिरतं आणि तेलातली घाण आतल्या घड्या घातलेल्या कागदात अडकते. बाहेरून सगळे सारखे दिसतात, म्हणून तर लोक रंग आणि खोकं बघून घेतात. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "स्वस्त म्हणजे वाईट असं न्हाई. जाहिरात नसली तरी माल स्वस्त पडतो. वाचवलंय कुठं, तेवढं बघायचं."

ते कुठे बघायचे, हे मला शाळेत असतानाच पाठ झालं होतं. आधी डबा कानाशी धरून हलवायचा. आत काही वाजलं तर बाजूला ठेवायचा. आट्यांवरून बोट फिरवायचं, बोटाला कुसळ लागता कामा नये. तोंडाचं गोल रबर खाचेत सगळीकडे सारखं बसलंय का ते बघायचं. मग भोकातून अगरबत्तीची काडी घालून आतली रबराची झडप दाबायची. ती मऊ असेल तर काडी काढल्याबरोबर जागेवर येते. इंजिन बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून ती झडप असते. ती कडक असली तर सकाळी गाडी सुरू करताना तेल वर पोचेपर्यंत इंजिन कोरडंच खडखडतं. बाकी कागद, घड्या, कागदाचा जोड, हे फोडल्याशिवाय कळत नाही. जड डबा चांगला, असं लोक म्हणतात. बाबा म्हणायचे, "पत्रा जाड हाय म्हणून कागद चांगला असंल का? वजन तर दगडालाबी असतंय."

लग्न होऊन मी नांदेडला आले. नवरा शाळेत शिक्षक. मुलं मोठी झाल्यावर मी नांदेडातच स्पेअर पार्टचं लहान दुकान काढलं. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी म्हणायची, "मीच हाय, बोला." हळूहळू ते विचारणं थांबलं.

माझ्याकडे जुन्या गाड्यांची गिऱ्हाइकं जास्त. त्यांना स्वस्तातलाच फिल्टर लागतो. तो मी लातूरच्या एका व्यापाऱ्याकडून घ्यायची. ते बाबांचे जुने दोस्त, मी त्यांना काकाच म्हणायची. त्यांनी एक नवा फिल्टर आणला. पहिल्या खेपेतला एक मी फोडून बघितला. कागद भरपूर, घड्या सारख्या, झडप मऊ. मला तो आवडला आणि मी तो विकायला लागले. चांगला खपला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी बिलोलीकडचा एक शेतकरी दुकानात आला. पस्तिशीचा असेल. मागे त्याची आई होती. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून तेलाने माखलेला फिल्टर काढला आणि माझ्या काउंटरवर ठेवला.

"ताई, हा तुमच्याकडूनच नेला होता. मायला घेऊन माहूरला निघालो होतो. हदगावच्या पुढं सगळं तेल रस्त्यावर सांडलं. गाडी ओढून आणावी लागली."

"इंजिन?"

"इंजिन वाचलं म्हणतोय मिस्त्री. मायमुळं वाचलं."

त्याच्या आईने स्टुलावर बसत सांगितलं, "मी पुढं बसले होते. म्हणलं, जळल्यावानी वास येऊन राहिला आन् हितं लाल दिवा लागलाय. हा म्हणतो, कायी न्हाई, जाऊ पुढं. म्हणलं, न्हाई, आधी थांबव."

मी तिला पाणी दिलं. मुलगा उभाच होता. आवाज चढवत नव्हता, पण रागात होता. "असला माल ठिवू नका ताई. देवीला निघालेला माणूस रस्त्यात अडकला. जिवावरबी बेतलं असतं."

मी म्हटलं, "दादा, तुमच्यासमोर फोडून बघू. खराब निघाला तर मी बघून घेईन."

माझ्या दुकानापासून दोन दुकानं सोडून एक लेथ आहे. आम्ही तिघंही तिथे गेलो. डबा कापला, आतलं सगळं काढलं. कागद तेलाने काळा झाला होता, पण कुठे फाटलेला नव्हता. जोड पक्का होता. झडप बोटाने दाबली की परत येत होती. तोंडाचं रबरही शाबूत होतं. मी त्याला एकेक दाखवलं. तो बघत होता, पण त्याला पटत नव्हतं.

"वापरलेल्यात काय कळतंय? समदं काळं झालंय. ह्याच्याच खोक्यातला नवा फोडा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी दुकानातून नवा फिल्टर आणला. त्याच नावाचा, त्याच रंगाचा. तो कापला आणि आतला भाग हातात घेतल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, की हा वेगळा आहे. घड्या विरळ होत्या, काही तर एकमेकींना चिकटलेल्या. कागदाच्या जोडावर डिंक पोचलाच नव्हता. तिथे एवढी फट होती, की मी काडी घातली तर ती पलीकडून बाहेर आली. त्या फटीतून तेल सरळ निघून जाणार, गाळलं जाणारच नाही. झडप तर प्लास्टिकच्या झाकणासारखी कडक. दाबली तर हलेना.

त्याचा फिल्टर पहिल्या खेपेतला असणार. हा नव्या खेपेतला, आणि ती येऊन बरेच दिवस झाले होते. त्यातले किती आणि कुणाकुणाला दिले, ते डोक्यात फिरायला लागलं.

"बगा," तो म्हणाला. "मी काय म्हणलो?"

"हाव. हा खराब हाय," मी म्हटलं. "तुमची शंका खरी निघाली."

लेथवाला मध्येच म्हणाला, "पण ताई, ह्याच्यामुळं तेल कसं सांडंल? ही खराबी आतली हाय."

तेही बरोबर होतं. आतली फट इंजिन झिजवते, तेल रस्त्यावर सांडत नाही. तेल सांडायचं तर तोंडाशी काहीतरी व्हायला हवं, आणि त्याच्या फिल्टरचं तोंड तर चांगलं होतं. मी त्याला विचारलं, "फिल्टर बसवला कुणी?"

"मीच. मोबाइलवर बघून बसवला. अवघड न्हाई ते."

"जुना काढला तवा त्याचं रबर त्याच्यासंगं आलं होतं का?"

"ते काय बघितलं न्हाई."

गाडी जवळच्या गॅरेजमध्ये उभी होती. आम्ही तिकडे गेलो. मिस्त्री गाडीखाली शिरला. फिल्टर बसतो त्या जागेवर त्याने बोट फिरवलं, मग पेचकसाने काहीतरी खरवडलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काळं, चपटं झालेलं रबर होतं. जुन्या फिल्टरचं. ते इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसवला गेला होता. एकावर एक दोन रबरं. गावातल्या गावात फिरेपर्यंत ती टिकतात. लांबच्या रस्त्याला तेलाचा दाब वाढला, की एक सरकतं आणि सगळं तेल बाहेर.

त्या माणसाने ते रबर हातात घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी उगंच बोललो तुमाला."

"उगंच न्हाई," मी म्हटलं. "तुम्ही आला नसता तर तो दुसरा फोडला गेला नसता."

त्याची आई एवढा वेळ गॅरेजच्या सावलीत उभी होती. ती म्हणाली, "त्याचंबी चुकलं, तुझाबी माल खोटा निघाला. आता वाद कशाचा? चहा सांगा कुणीतरी."

चहा झाला. मी त्याला दुसऱ्या कंपनीचा फिल्टर दिला. मिस्त्रीने तो बसवला, तेल भरलं, इंजिन बराच वेळ चालवून खालून बघितलं. कुठे थेंब नव्हता. मुलगा म्हणाला, आता घरी जाऊ, नंतर कधी जाऊ माहूरला. आई म्हणाली, "गाडी नीट झाली न्हवं? मग देवीलाच चल." ते माहूरच्या रस्त्याला लागले.

ती खेप मी त्याच दिवशी फळीवरून काढली. ज्यांची आठवण होती त्यांना फोन केले, फिल्टर बदलून देते म्हटलं. काही आले. काहींनी हसण्यावारी नेलं. "गाडी चालून राहिली ना ताई, राहू द्या." एका गिऱ्हाइकाला तर वाटलं, मी नवा फिल्टर विकायला काहीतरी सांगतेय. त्याला समजवायचा प्रयत्न केला, पण तो आला नाही.

रविवारी मी लातूरला गेले. दोन्ही फोडलेले फिल्टर बाबांच्या समोर ठेवले. ते आता दुकानात तासभरच बसतात, गुडघे दुखतात. त्यांनी खराब फिल्टरची झडप अंगठ्याने दाबली, जोडातली फट नखाने चाचपली, आणि विचारलं, "खोकं एकच?"

"नाव एकच. खेप दुसरी."

"पहिला चांगला द्यायचा आन् मग हळूच बदलायचा. कंपन्यांची जुनी तऱ्हा हाय," ते म्हणाले. "तुझ्या काकाला ठाऊक नसंल, पण सांगावं लागंल."

काकांना काय वाटेल, हे माझ्या मनात होतं. बाबांच्या तर जास्तच. त्यांची दोस्ती माझ्या जन्माच्या आधीची. तरी बाबांनी माझ्यासमोरच फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं, कारण काका नेहमीच मोठ्याने बोलतात. ते म्हणाले, आजवर एका माणसाची तक्रार आलेली न्हाई.

बाबा म्हणाले, "तक्रार कशी येईल? इंजिन गेलं तर लोक इंजिनाला शिव्या देतेत. फिल्टर कोण उघडून बघतंय?"

मग काकांचा आवाज आला, "लेकीला सांग, असं फोडत बसलं तर धंदा व्हत न्हाई."

"फोडायला मीच शिकवलंय तिला," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

माल परत गेला. काकांनी तो घेतला, पण त्यानंतर बाबांच्या दुकानावर संध्याकाळी चहाला येणं बंद केलं. बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. आई मात्र फोनवर सांगायची, आजबी आले न्हाईत. मला वाईट वाटायचं. आपण बरोबर आहोत हे ठाऊक असलं, तरी बाबांची संध्याकाळ रिकामी गेली हेही खरंच होतं. मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल घ्यायला लागले आणि आता फक्त नव्या कंपनीचाच नाही, तर प्रत्येक खेपेतला एक फिल्टर फोडते. नवरा म्हणतो, विज्ञानाचं प्रात्यक्षिक माझ्या शाळेपेक्षा तुझ्या दुकानात जास्त चालतं.

दिवाळीनंतर रेणापूरला नात्यातलं एक लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत काका येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मी नमस्कार केला. त्यांनी मुलांची चौकशी केली, नांदेडातल्या धंद्याचं विचारलं. वाढपी वरण वाढून पुढे गेल्यावर ते खाली बघत म्हणाले, "मीबी एक फोडला."

"कधी?"

"झाले चार महिने. घरीच, हॅकसॉ ब्लेडनं. कापताना हाताला लागलं." त्यांनी तळहात दाखवला. अंगठ्याखाली पांढरा व्रण होता. "मग दुसरा फोडला, तिसरा फोडला. बंद केला तो माल मी."

"बाबांना सांगितलं का?"

"न्हाई. कसं सांगू, ते कळंना."

बाबा समोरच्या रांगेत बसले होते. मी त्यांना हाक मारली आणि माझी खुर्ची रिकामी करून दिली. माझं ताट उचलून मी आईजवळ जाऊन बसले. तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण काकांनी बाबांना तळहात दाखवला आणि बाबा तो जवळ धरून बघत होते, तेवढं दिसलं.