मायची तीन झाडं

आमच्या आंबागडला जंगलातल्या प्रत्येक मोहाच्या झाडाची फुलं वेचणारी बाई ठरलेली असते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण दुसरीच्या झाडाखालचं फूल उचलून बघा. आनंदाबाई तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. आनंदाबाई म्हणजे माझी माय. तिची तीन झाडं: एक किल्ल्याच्या पायथ्याशी, एक नाल्याकाठी, एक तळ्यापलीकडे.

अकरावीत गणितातल्या फंक्शननं माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी सर वैतागून म्हणाले, "चंदा, झाड सांगितलं तर बाई सांगशील?"

"हो सर. एका झाडाले एकच बाई."

"झालं फंक्शन! बाईला तीन झाडं असली तरी बिघडत नाही. आता उलटं कर. बाई सांगितली, तर झाड सांगशील?"

"कोणतं सांगू? तिले तीन हायेत."

"म्हणून उलटं फंक्शन होत नाही. संबंध आहे, पण एक उत्तर नाही." मला भलतीच मजा वाटली होती.

चैत्रात वाघ दिसला. वनरक्षक घरोघरी सांगून गेले, एकटीनं जाऊ नका. माय ऐकेल तर शप्पथ! पहाटेच टोपली घेऊन गेली आणि ऊन डोक्यावर आलं तरी परतली नाही.

शेजारचे सेवकरामकाका काठ्या घेऊन माणसं जमवून आले. "कोन्या झाडाकडं गेली तुही माय?"

बाई ठाऊक होती, झाड ठाऊक नव्हतं. आणि वाघाच्या भीतीनं वेगवेगळं जायला कोणी तयार नव्हतं.

आधी नाल्याकडे गेलो. लांबूनच मी जीव तोडून ओरडले, "माय वोऽ!" उत्तर नाही. काका म्हणाले, इथं नाही. किल्ल्याकडे धावलो. झाडाखाली फुलांचा सडा तसाच पडलेला, हातही न लागलेला. तळ्यापलीकडेही तसाच सडा.

म्हणजे माय नाल्यावरच होती, आणि तिनं ओ दिली नव्हती. मी एकटीच नाल्याकडे पळत सुटले. काकांनी दंडाला धरून मला थांबवलं. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

परत फिरलो, तर नाल्याच्या वाटेनं माय येत होती. हातपाय खरचटलेले, टोपली नाही. मी तिला मिठी मारली आणि रागानं रडतच विचारलं, "ओ काहून नाई देली वो?"

"झाडावर चढून बसली होती. तुहा आवाज ऐकू येऊन राहिला होता मले," माय म्हणाली. "वाघ तुमच्या वाटंवरच्या झुडपात होता. ओ देली असती, तं तू धावत आली असती."