खिळे ठोकणाऱ्यांचं काय झालं

निंबीपाड्यात दिवाल्या वसावेइतका दणकट माणूस दुसरा नव्हता. मोलगीहून येणारी जीप जिथं थांबते तिथून पाडा दीड तासाच्या चढणीवर आहे. त्या चढणीवरून गिरणीचं लोखंडी चाक त्यानं एकट्यानं पाठीवर वाहून आणलं होतं. हिवाळ्यात ऊसतोडीला खाली पुरुषोत्तमनगरकडे गेला की मुकादम मुद्दाम त्याला पुढच्या सरीत घालायचा, म्हणजे मागचे त्याच्या वेगानं ओढले जायचे. रागही तसाच दांडगा होता. तोंडात शब्द आला नाही की हात उठायचा. बायकोचा, कालीबाईचा, पुढचा दात त्यानंच पाडलेला.

ते हात एका माणसापुढे मात्र नरम पडायचे. सहा वर्षांची त्याची पोर, रंजिता.

एका भादव्यात तिला ताप चढला. ओढे भरलेले, जीप पायथ्यालाही येत नव्हती. तीन दिवस झाडपाला आणि अंगारा झाला. चौथ्या दिवशी दिवाल्या तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्याकडे निघाला. अर्ध्या उतारावर पोरीचे हात त्याच्या गळ्यावरून सुटले. काय झालं ते त्याला तिथंच कळलं, तरी तो थांबला नाही. दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली, तेव्हा तसाच पाठुंगळी घेऊन तो तिला परत वर घेऊन आला.

पोरीला पुरल्यावर तो गोकुळकडे गेला. गोकुळ पाड्याचा बडवा. देवाला विचारून दुखण्याचं कारण सांगणारा. त्यानं सुपात दाणे टाकले, हलवले, आणि म्हणाला, "बाईमाणूस आहे. पाड्यातलीच. एकटी राहते. पोरीला तिनं आपल्या हातानं खाऊ घातलंय."

नाव घ्यायची गरजच नव्हती. पाड्याच्या टोकाला गुलाबबाई एकटी राहायची. दिवाल्याच्या बापाची चुलत बहीण, म्हणून तो तिला फुई म्हणायचा. नवरा मेल्यावर ती माहेरी परत आली होती. पोरं तिच्या अंगणात पडीक असायची. ताप येण्याच्या आदल्या दिवशी रंजितानं तिथंच भाजलेलं कणीस खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाल्या धरून पाच जण तिच्या दारात गेले. गुलाबबाई उंबऱ्यात बसून नागली पाखडत होती. दिवाल्यानं तिचे केस धरले आणि तिला अंगणातून, चिखलातून, खळ्यापर्यंत ओढत नेलं. तिथल्या मोहाच्या झाडाला तिला बांधलं. एकानं घमेल्यात निखारे आणले, दुसऱ्यानं त्यावर मूठभर मिरच्या टाकल्या, आणि तिचं तोंड त्या धुरावर दाबून धरलं.

"कबूल कर. पोरीला खाल्लं म्हण."

"कणीस दिलं रे मी तिला," ती खोकत, गुदमरत म्हणाली. "कणीस दिलं!"

दिवाल्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. पहिला फटका तिच्या गुडघ्यावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोघं मागं सरकले. दिवाल्या सरकला नाही. निखाऱ्यांतला एक तिच्या डाव्या डोळ्यावर उडाला, की कुणी टेकवला, हे पुढं कोर्टातही ठरलं नाही.

तेवढ्यात तिचा भाऊ उखा पळत आला. सत्तरीचा म्हातारा, अंगावर फक्त लंगोटी. दरवर्षी नवं धान्य घेऊन याहामोगी मातेला चालत जाणारा, देवधर्म पाळणारा माणूस. त्यानं कुणाला ढकललं नाही, कुणाला शिवीही दिली नाही. सरळ बहिणीला मिठी मारली आणि आपली पाठ मारणाऱ्यांकडे केली.

"काका, बाजूला हो," दिवाल्या ओरडला.

"नाही होत."

"तुलाबी मारीन!"

"हिला जेवढं मारायचंय तेवढं मला मार. उरलं नाही पाहिजे."

आणि दिवाल्यानं मारलं. पाठीवर, खांद्यावर, बरगड्यांवर. म्हाताऱ्याची पकड सुटेना तसा त्याचा राग वाढत गेला. शेवटचा फटका डोक्यात बसला. उखाचे पाय वाकले, पण हात बहिणीभोवती तसेच राहिले. ते नंतर दोघांना मिळून सोडवावे लागले. खाली पडल्यावर त्यानं दिवाल्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "रंजिता माझीबी नात होती रे."

ओढे ओसरले होते; त्याला झोळीतून पायथ्याच्या जीपपर्यंत नेलं, पण घाट उतरताना जीपमध्येच तो गेला.

खटला नंदुरबारला चालला. वकिलानं शिकवल्याप्रमाणे दिवाल्या म्हणाला की म्हातारा ओल्या दगडावरून घसरला, दगड डोक्यात बसला. बाकीच्या चौघांची नावं त्यानं घेतली नाहीत. गुलाबबाईनं पाचही जण दाखवले, पण दुसरा साक्षीदार मिळेना. चौघं सुटले. दांड्यावर रक्त सापडलं, म्हणून एकट्या दिवाल्याला सात वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या वर्षातच निरोप आला की कालीबाईनं गुजरातकडच्या एका माणसाबरोबर दुसरं घर मांडलं.

तुरुंगात दर महिन्याला एक पास्टर यायचा. नवनीत गावित, नवापूरकडचा, शिडशिडीत, चष्मा लावलेला. बराकीत सतरंजी टाकून बसायचा, गाणी म्हणायचा, बायबल वाचायचा. चहा मिळतो म्हणून दिवाल्याही मागं जाऊन बसू लागला.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आठवड्यात पास्टरनं वधस्तंभाची गोष्ट सांगितली. येशूला धरलं कसं, चाबकानं सोललं कसं, लाकूड त्याच्याच खांद्यावर देऊन टेकडीवर चढवलं कसं. मग हातांत खिळे. कैदी मन लावून ऐकत होते. निर्दोष माणूस अडकवला गेला, ही गोष्ट तिथं प्रत्येकाला आपली वाटत होती. "खोटी केस केली," एक जण हळहळला.

दिवाल्याला मात्र लाकडावरचा माणूस दिसतच नव्हता. त्याला हातोडा दिसत होता.

"खिळे ठोकणाऱ्यांचं काय झालं?" त्यानं मागूनच विचारलं.

"म्हणजे?"

"त्यांना काय शिक्षा झाली?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही, दिवाल्याभाऊ. पण येशू लाकडावरून म्हणाला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर, ते काय करतात हे त्यांना समजत नाही.'"

दिवाल्या उठला. माणसांवर पाय देत पुढं आला आणि पास्टरची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. "समजत होतं!" तो ओरडला. "मला समजत होतं! मेलेल्याला विचारून आलास का तू?" चष्मा फुटला, ओठ फाटला. शिपाई धावून आले, त्यांनी दिवाल्याला काठ्यांनी आडवा केला आणि पंधरा दिवस वेगळ्या कोठडीत टाकलं.

पुढच्या महिन्यात पास्टर परत आला. ओठावर टाक्यांचा वण होता. तक्रार लिहून द्या असं अधिकारी म्हणाले होते; त्यानं दिली नव्हती. दिवाल्यापाशी बसून तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी ती गोष्ट नेहमी असं सांगतो, की आपल्या जागी तो मेला. आपण मात्र हातोडा घेऊन उभे होतो, हे मी चटकन सांगून पुढं सरकतो."

मग दिवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. दांडा, निखारे, उखाची पाठ. शेवटी म्हणाला, "आमच्याकडे माणूस देवाला बोकड देतो. चूक झाली, रक्त दिलं, मिटलं. तुमच्याकडे काय? देवच बोकड झाला?"

"हो," पास्टर म्हणाला. "आमच्या पुस्तकात त्याला देवाचा कोकराच म्हटलंय. माणसाकडे देण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून देवानं स्वतःला दिलं. यालाच आम्ही तारण, म्हणजे पापातून सुटका, म्हणतो."

"उखाकाकानं असंच केलं. तो तर तुमच्या देवाचा नव्हता."

"नव्हता," पास्टर म्हणाला. "पण येशूनं काय केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलंय. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय."

सुटायच्या वर्षभर आधी दिवाल्या बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला; ती बातमी पाड्यातही पोचली. झोपेत ओरडून उठायचं त्याचं थांबलं नाही.

सुटका झाल्यावर तो सरळ निंबीपाड्याला गेला. गुलाबबाई तिथंच होती. गुडघा वाकडा जुळलेला, डावा डोळा पांढरा. पोलीस, कोर्ट, सगळं झालं, तरी पाड्याच्या लेखी ती डाकीणच होती. पोरं तिच्या अंगणात जात नव्हती. विहिरीवर सगळ्या बायका निघून गेल्यावर तिची पाळी यायची.

दिवाल्या तिच्या अंगणात जाऊन गुडघ्यांवर बसला. "फुई, मी आलोय. काय करायचं ते कर."

गुलाबबाईनं टेकायची काठी उचलली आणि त्याला हाणायला सुरुवात केली. म्हातारीच्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. कानातून रक्त आलं, कपाळ फुटलं. तो हलला नाही. काठी मोडली तेव्हा ती धापा टाकत खाली बसली.

"झालं तुझं समाधान?" ती म्हणाली. "माझं नाही झालं. तुझा देव सोडवेल तुला. मी नाही सोडत."

तसाच रक्ताळलेला तो पायथ्याच्या गावात पास्टरकडे गेला. पास्टरचं तिथं पत्र्याचं प्रार्थनाघर होतं. जखमा धुताना त्यानं सगळं ऐकलं आणि दिवाल्याला वाटलं होतं त्याच्या उलट तो चिडला.

"मार खाऊन फिटलं असतं तर येशू कशाला मेला असता? तुम्ही स्वतःच वधस्तंभावर चढायला निघालात. ती जागा भरलेली आहे, दिवाल्याभाऊ. तुम्ही मार खाल्लात, त्यातून तिला काय मिळालं? डाकीण ती अजून आहेच ना?"

हे शब्द दिवाल्याला काठीपेक्षा जास्त लागले.

होळीच्या आधी निंबीपाड्याची बैठक असते. होळीचा बांबू कुणी तोडायचा, ढोल कुणाकडे, हे तिथं ठरतं. भर दुपारी सगळा पाडा मोहाखाली जमला होता. दिवाल्या उठून उभा राहिला.

"गुलाबबाई डाकीण नाही," तो म्हणाला. "माझी पोर तापानं मेली. उखाकाका दगडावरून पडला नाही. मी त्याला मारला. कोर्टात मी खोटं बोललो. मिरच्या कुणी टाकल्या, दोरी कुणी बांधली, तिचं तोंड धुरावर कुणी दाबलं, ते आज सांगतो." आणि त्यानं चौघांची नावं घेतली. चौघंही समोरच बसले होते. मग तो गोकुळकडे वळला. "तू दाणे टाकलेस तेव्हा देव बोलला की तू बोललास?"

गोकुळनं मान खाली घातली. चौघं मात्र एकदम उठले. पहिल्यानं लाथ घातली, दुसऱ्यानं मानगूट धरलं. दिवाल्याच्या हातांना जुनी सवय आठवली. त्यानं एकाचा गळा धरून त्याला जमिनीवरून उचललं. त्या माणसाचे डोळे पांढरे होताना दिसले, तशी बोटं आपोआप सैल पडली. त्यानंतर त्यानं हात वर केला नाही. बांबू तोडायला आणलेल्या कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, त्यांनी त्याचा उजवा हात दगडावर ठेवून ठेचला. बायका किंचाळत मध्ये पडल्या म्हणून जीव वाचला.

हात वाचला नाही. मनगटाच्या खाली तीन बोटं कायमची वाळली. दवाखान्यात पोलिसांनी जबाब घेतला, त्यानं सात वर्षं दडवलेलं सगळं खरं सांगून टाकलं. हात ठेचल्याबद्दल चौघांवर नवी केस उभी राहिली. ती अजून तारखांवर चालू आहे. गोकुळ त्याच उन्हाळ्यात सूप घरात टाकून सुरतेकडे मजुरीला निघून गेला, तो परतला नाही.

पाड्यात लगेच काही बदललं नाही. पण आषाढात कमलीबाई नावाच्या एका तरण्या बाईनं भाताच्या रोपणीला जाताना आपलं तान्हं गुलाबबाईच्या मांडीवर ठेवलं. संध्याकाळी बाळ हसत-खेळत मिळालं. दुसऱ्या दिवशी दोन बाळं होती.

दिवाल्या आता प्रार्थनाघरामागच्या खोलीत राहतो, डाव्या हातानं टोपल्या विणायला शिकलाय. पास्टरला भिली नीट येत नाही, म्हणून उत्तम शुक्रवारची गोष्ट दिवाल्याच सांगतो. गेल्या वर्षी तो सांगत होता तेव्हा दारात काठी वाजली. गुलाबबाई होती. ती आत आली नाही, बाहेरच उंबऱ्याला टेकून बसली. तिची पूजा याहामोगीची, ती तिनं सोडलेली नाही. आत बसलेली नऊ माणसं मागं वळून पाहू लागली.

खिळ्यांपाशी आल्यावर दिवाल्या दरवर्षीसारखा थांबला. तेवढ्यात गुलाबबाईनं बाहेरून विचारलं, "त्याचं कुणी होतं का तिथं? आईबहीण?"

"आई होती. लाकडापाशी उभी होती."

"मारणाऱ्यांना काय म्हणाली?"

"पुस्तकात ती काहीच बोलत नाही, फुई."

गुलाबबाईनं चांगल्या डोळ्यानं त्याच्या वाळलेल्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"नसेल बोलली," ती म्हणाली. "पुढं सांग."

तिला ऐकू जावं म्हणून दिवाल्या जरा दाराकडे सरकला आणि पुढचं सांगू लागला.