ड्रायव्हर कोण?

धारवाडजवळच्या रायापूरच्या विमलाक्का नरगुंदकर तशा शांत बाई. पण 'तुम्हाला कशाला ती दगदग?' असं कुणी म्हटलं की संपलंच. मग ती दगदग पदर खोचून केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. अशा बाईला पोटच्या मुलानं, भर मे महिन्यात, व्हिडिओ कॉलवर नेमकं हेच वाक्य ऐकवावं, याला काय म्हणायचं?

मुलगा श्रीहर्ष. पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब. बायको योगिता तिकडचीच, आणि नऊ वर्षांची वेदश्री. तिघं दोन दिवसांसाठी विमानानं येणार होते. कलघटगीच्या वाटेवर नवीन मनोरंजन पार्क झालं होतं, पाण्याच्या घसरगुंड्या नि आकाशाला टेकणारं चाक. वेदश्रीनं ते मोबाईलवर पाहिलं आणि हट्ट धरला. तेव्हा हुबळीच्या विमानतळावरून थेट पार्क, आणि संध्याकाळी रायापूरला घरी, असं ठरलं. प्रश्न एवढाच होता की विमानतळावरून जायचं कसं.

श्रीहर्षनं त्याचा तक्ता केला. हा मुलगा कांदेपोह्यांनासुद्धा तक्ता करून गेला होता, तेव्हा यात नवल नाही. डावीकडे मोबाईलवरून बोलवायची टॅक्सी. उजवीकडे भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची गाडी. टॅक्सी आली की बसायचं, उतरलं की विसरायचं, पण पार्क गावाबाहेर, परतीला मिळेल का? भाड्याची गाडी दिवसभर हाताशी, पण ओरखडा उठला तर आपल्या गळ्यात. असं करत करत शेवटची ओळ होती, 'ड्रायव्हर कोण?' डावीकडे लिहिलं होतं, 'त्यांचा.' उजवीकडे प्रश्नचिन्ह.

"मला तिकडच्या म्हशी नि ट्रॅक्टर झेपायचे नाहीत," श्रीहर्ष म्हणाला. "म्हणजे टॅक्सीच."

"मी चालवते की," विमलाक्का म्हणाल्या.

तो हसला. तसं वाईट हसला नाही, लहान मुलानं 'मी चंद्रावर जाणार' म्हटलं की हसतात तसं. "आई, तुला कशाला ती दगदग? आणि हे बघ, आल्यावर घराचंही बोलायचंय. गाडी नाही, काही नाही, रायापूरला तू एकटी राहणार कशी? पुण्याला ये आता."

फोन ठेवल्यावर विमलाक्का बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गाडी नाही म्हणे! गाडी विकली कुणी? ह्यानंच. जानेवारीत यजमान, सुधींद्र, गेले, आणि फेब्रुवारीत ह्यानं कागद पुढे केला. "बाबांची गाडी आता ठेवून काय करायची, आई? सही कर." डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, त्या पाण्यातून त्यांनी सही केली. आता तोच म्हणतो, गाडी नाही तर राहशील कशी. आधी पाय तोडायचे आणि वर म्हणायचं, अरेरे, हिला चालता येत नाही!

आणि बाबांची गाडी कसली? सुधींद्र वकील होते, धारवाडच्या कोर्टात त्यांचा आवाज तीन खोल्यांत ऐकू यायचा, पण स्टीअरिंगला त्या माणसानं जन्मात हात लावला नाही. भीती वाटायची त्यांना. विमलाक्का कलघटगीच्या शाळेत गणित शिकवायच्या. रोज बस चुकायची नाही तर बस त्यांना चुकवायची. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सगळ्या तुकडीत बाई ही एकटीच. शिकवणारा सारखा म्हणायचा, "अक्का, सावकाश, सावकाश." परीक्षेच्या दिवशी तो ज्या पोरांना वाघ म्हणायचा ते तीन वाघ नापास झाले आणि अक्का पास. पुढे अठरा वर्षं धारवाड ते कलघटगी, आणि सकाळी आधी वकीलसाहेबांना कोर्टापाशी सोडायचं. साहेब डावीकडे बसून फाइल वाचायचे आणि वळणावर नुसतं "हं, हं" करायचे. तरी गल्लीत सगळे म्हणायचे, वकिलांची गाडी आली. घरातला मुलगाही तेच शिकला.

दुसऱ्या दिवशी विमलाक्का बसनं उणकलला गेल्या. तिथं यशवंतचं भाड्याच्या गाड्यांचं दुकान होतं. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली, गाड्या दाखवल्या, आणि मग त्याच्या तोंडूनही तोच प्रश्न आला.

"गाडी यार् होडितार्री, अक्का?" म्हणजे चालवणार कोण?

"मी."

यशवंतनं त्यांच्या मागं पाहिलं, दारात आणखी कुणी आहे का म्हणून. मग परवाना हातात घेतला, जन्मतारीख वाचली आणि मान हलवली. "पासष्टच्या वर आम्ही देत नाही, अक्का. दुकानाचा नियम आहे. तुम्ही सहासष्ट."

"परवाना अजून चार वर्षं आहे. डॉक्टरनं डोळे तपासून दाखला दिलाय. सरकारला मी चालते, आणि तुम्हाला चालत नाही होय?"

"तसं नाही अक्का, पण..."

"पण नाही नि बिण नाही. किल्ली आणा. शेजारी बसा. मी चुकले तर तुमच्या दारातून परत चालत जाते रायापूरला."

यशवंत बसला. बसताना देवाचं नाव घेतलं, ते विमलाक्कांनी ऐकलं आणि सोडून दिलं. उणकलच्या तळ्याकडून त्यांनी गाडी बाजाराच्या गल्लीत घातली. समोरून भाजीची हातगाडी आली, मागं रिक्षा चिकटली. हातगाडीवाला म्हणाला, मी कसा मागं जाऊ? तेव्हा अक्कांनी रिक्षावाल्याला हात करून मागं घातलं, आणि स्वतः अख्खी गल्ली उलट्या गिअरमध्ये, एकाही पायरीला न घासता, बाहेर काढली. यशवंतनं दुकानात येऊन गुपचूप करार भरला. चालकाच्या रकान्यात एकच नाव, विमला सुधींद्र नरगुंदकर.

शनिवारी दहा वाजता त्या विमानतळावर हजर. काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची पांढरी गाडी सावलीला लावलेली. योगिता नि वेदश्री बाहेर आल्या. श्रीहर्ष सामानाच्या पट्ट्यापाशीच अडकला होता, एक बॅग यायची होती. टॅक्सी त्यानं आतूनच बोलावली होती आणि फोन बायकोच्या हातात देऊन ठेवला होता.

"आई, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?" योगिता वाकून नमस्कार करत म्हणाली. "आमची टॅक्सी येतेच आहे."

"येऊ दे की," विमलाक्का म्हणाल्या. "मीही गाडी आणलीय. भाड्याची."

तेवढ्यात फोन वाजला. टॅक्सीवाला कन्नडमध्ये मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, बंदीन्री! गेट हत्र बंदीन्री!"

योगिताचा चेहरा पडला. "अहो, बंदी? गेटवर बंदी आहे? बरं बरं." तिनं फोन बंद केला आणि टॅक्सी रद्द केली. "आई, गेटपाशी टॅक्सीला बंदी आहे म्हणतोय. दुसरी बोलावते, कदाचित याच कंपनीला बंदी असेल."

आता, धारवाडकडे राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की बंदीनि म्हणजे आलोय, आणि री म्हणजे अहोजाहो. 'गेटजवळ आलोय हो' असं तो बिचारा सांगत होता. विमलाक्कांना ते कळलं, अगदी स्वच्छ कळलं. जिभेवर आलंही. पण त्या गप्प बसल्या. खोटं कशाला बोला, मजा वाटली त्यांना. दुसऱ्याचाही फोन आला. "बंदीन्री, मॅडम!" योगिता म्हणाली, "अय्या, यालाही बंदी!" आणि रद्द.

दुसरा मात्र जवळच होता. तो गाडीतून उतरून तावातावानं चालत आला. मराठी ऐकून मराठीत बोलायला लागला, "काय हो बाई, मी आलो म्हणतोय नि तुम्ही रद्द करताय? टिंगल लावलीय काय?"

तेव्हा मात्र विमलाक्कांचा चेहरा उतरला. ह्या माणसानं त्यांचं काय वाकडं केलं होतं? मुलावरचा राग उन्हातान्हात फिरणाऱ्यावर काढायचा, ही काही बरी गोष्ट नव्हे. त्या पुढे झाल्या. "चूक माझी, अण्णा. सुनेला कन्नड येत नाही. मला येतं, आणि मी सांगितलं नाही. माफ करा."

एवढ्या वयाची बाई सरळ चूक कबूल करते म्हटल्यावर त्याचाही राग निवला. "असू दे, अक्का," म्हणाला आणि गेला. पण श्रीहर्ष तोवर बॅग ओढत मागं येऊन उभा होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आई! तुला कळत होतं?"

"कळत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दहा वर्षांत तू बायकोला कन्नडचा एक शब्द शिकवला नाहीस, ते माझ्यावर कशाला ढकलतोस? मी चुकले, त्या माणसाला सांगितलं. आता बस."

"कशात?"

"ह्यात." आणि त्यांनी उजवीकडचं, चालकाचं दार उघडलं.

श्रीहर्ष पुष्कळ बोलला. ऊन, वय, डोळे, गुडघे. तिसरी टॅक्सी बोलवायला त्यानं योगिताकडून फोन घेतला, पण दोन वेळा रद्द केल्यामुळं असेल किंवा कसं, पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहिलं. इकडे वेदश्री मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. "बाबा, चला ना, तिकडे रांग लागेल!" शेवटी तो डावीकडे बसला आणि वरची कडी त्यानं दोन्ही हातांनी धरली.

कलघटगीकडे जाणाऱ्या कारवार रस्त्याला लागल्यावर विमलाक्कांचं अंग मोकळं झालं. हा रस्ता त्यांच्या पायाखालचा. पुढं डांबर खचलंय, इथं बस थांबा नसताना थांबते, तिथं शेळ्या आडव्या येतात, हे त्यांना न बघता माहीत. कडब्याचा ट्रॅक्टर पुढं डुलत चालला होता. श्रीहर्ष पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होता. विमलाक्का मागं थांबल्या, समोरचं वळण सरळ होऊ दिलं, हॉर्न दिला आणि आरामात पुढं काढली.

"बाबाही असेच काढायचे," श्रीहर्ष सवयीनं बोलून गेला.

"कोण बाबा?"

विमलाक्कांनी गिअर बदलला.

"आठव की. बाबांना स्टीअरिंगवर बघितल्याचं आठवतंय तुला? एकदा तरी?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं असावं, कारण कडीवरचा एक हात खाली आला. "नाही," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "नाही, आई. तूच असायचीस." मागं योगितानं खिडकीबाहेर बघायचं सोडून इकडे लक्ष दिलं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इथंच तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण मन हललं की माणूस पोटातलं ओकतो. "आई, तुला आधीच सांगायला हवं होतं. उद्या दहा वाजता एक दलाल गिऱ्हाईक घेऊन येतोय. घर बघायला. नुसतं बघायला."

विमलाक्कांनी आरसा पाहिला, डावा दिवा लावला, गाडी एका चिंचेखाली घेतली आणि हँडब्रेक ओढला. वेदश्री म्हणाली, "आलं पार्क?" योगितानं तिला जवळ घेतलं.

"त्याला फोन लाव," विमलाक्का म्हणाल्या.

"आई, रस्त्यात काय? संध्याकाळी बोलू ना शांतपणे."

"संध्याकाळी नाही. आत्ता. घर माझ्या नावावर आहे, हर्षा. मला न विचारता तू त्याचं गिऱ्हाईक शोधलंस. तुझी माया आहे, मला ठाऊक आहे. काळजी आहे, तीही ठाऊक आहे. पण मी काही बाबांच्या मागं उरलेलं सामान नाही, बांधून न्यायला. गाडीच्या कागदावर सही केली तेव्हा मी रडत होते. आता मी रडत नाहीये."

श्रीहर्षनं "आई, अगं..." एवढं म्हणून पाहिलं. पण विमलाक्का विरघळल्या नाहीत. त्यांनी फक्त खिडकीची काच वर केली, फोनवरचं नीट ऐकू यावं म्हणून.

त्यानं फोन लावला. पलीकडून दलालाचा आवाज आला, हो साहेब, दहाला पक्कं ना? श्रीहर्ष खाकरला. "नाही. उद्या येऊ नका. अहो, आई नको म्हणतेय, त्यामुळे..."

"असं नव्हे," विमलाक्का म्हणाल्या. "आई नको म्हणतेय, तर तो परवा पुन्हा फोन करेल. आईची समजूत घालता येते. मालकीण नको म्हणतेय, असं सांग."

श्रीहर्षनं आईकडे पाहिलं. मग फोन पुन्हा कानाला लावला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "घराची मालकीण नको म्हणतेय."

विमलाक्कांनी हँडब्रेक सोडला आणि पहिला गिअर टाकला.